तपासलं, बरोबर आहे

"त्याला डोळे दाखवायला सांग," शिंपीणकाकू म्हणाल्या होत्या. "या आठवड्यात तिसऱ्यांदा माझ्या स्टुलाला धडकलाय. आणि स्टूल काही चालत नाही, बाई. चालतो तो."

ती हसली होती. तेव्हा तिला सातवा महिना होता, आणि ती दादाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर पाय पुढे टाकून बसली होती. दादा काउंटरमागे, उजव्या डोळ्याला भिंग लावून, मनगटी घड्याळातला एक स्क्रू चिमट्याने उचलत होता. मोहरीच्या दाण्याच्या निम्मा असेल नसेल. एका दमात त्याने तो जागेवर बसवला.

"बघा," ती म्हणाली. "ज्याला हा स्क्रू दिसतो त्याला तुमचं एवढं थोरलं स्टूल दिसणार नाही होय? धांदरट आहे तो, काकू. पहिल्यापासूनच. आमच्या घरात कानासकट एक कप शिल्लक नव्हता."

"मी आपलं सांगायचं काम केलं." काकूंनी दाताने दोरा तोडला. शेजारचंच दुकान त्यांचं. दाराशी उभ्या राहून त्या एकीकडे काजं करायच्या आणि एकीकडे गल्लीवर नजर ठेवायच्या.

"काकू," दादा मान वर न करता म्हणाला, "तुम्ही स्टुलाला समज द्या. तेच माझ्या वाटेत येतं."

तिघंही हसले, आणि काकूंचं बोलणं तिथेच विरलं.

खरं तर एखादी गोष्ट हसण्यावारी नेणं तिच्या स्वभावात नव्हतं. घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघणारी ती. दूध नासलंय का हे नवऱ्याने वास घेऊन सांगितलं तरी स्वतः पुन्हा वास घेणारी. दादा तिला लहानपणापासून 'इन्स्पेक्टरबाई' म्हणायचा. पण माणसाची शंकासुद्धा ठरावीक खिडकीतूनच बाहेर बघते. तिच्या खिडकीतून तेव्हा फक्त तिचं पोट दिसत होतं, आणि दादा म्हणजे घरातल्या खांबासारखा. खांब बरा आहे ना, असं कोण विचारतं?

दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्याने दुकान सांभाळलं आणि ती कॉलेजात गेली. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत, कुणीतरी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर, दोघांनी तो गेम पहिल्यांदा सुरू केला होता. गेमचं नाव लांबलचक होतं. हे दोघं त्याला नुसतं 'तळघर' म्हणायचे. सहा जणांचा गट घेऊन जमिनीखालच्या दहा मजल्यांत उतरायचं. समोर फक्त भिंती, बोळ आणि अंधार. नकाशा गेम देत नाही. चौकटीच्या कागदावर आपला आपण आखायचा. मेलेला माणूस परत येत नाही. आणि गेम इतका खट्याळ, की ज्या बाजूला तुम्ही बघत नाही नेमकं त्याच बाजूला दार ठेवतो.

पहिल्या वर्षी त्यांचा अख्खा गट तिसऱ्या मजल्यावर गारद झाला, कारण दादाने एक खड्डा चुकीच्या चौकटीत काढला होता. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखी शांतता. मग नियम ठरला: एकाने आखायचं, दुसऱ्याने तपासायचं. तपासायचं म्हणजे कागदावर नजर फिरवायची नाही. तोच मजला स्वतः गटाला चालवून बघायचा, प्रत्येक भिंतीला थटायचं, आणि मग खाली लिहायचं, 'तपासलं, बरोबर आहे.' ते तीन शब्द लिहिल्याशिवाय पुढच्या मजल्यावर उतरायचं नाही.

तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली, तरी नियम चालू राहिला. दर रविवारी दादा खेळलेल्या डावाची फाइल मेलने पाठवायचा, सोबत नकाशाचा फोटो आणि दोन-तीन ओळी. ती आठवडाभरात कधीतरी तो मजला चालायची, उत्तर पाठवायची. फोनवर मात्र तळघराचा विषय काढायचा नाही, असा दंडक होता. "फोनवर बोललं की मजा जाते," दादा म्हणायचा. "जे काही आहे ते फाइलमध्ये."

मग मुलगी झाली. तिचं नाव काय ठेवायचं यावर घरात खल चालू असताना दादाने तिला 'मुंगी' म्हटलं, आणि तेच चिकटलं. मुंगी महिन्याआधी आली होती, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. पहिले तीन महिने ती मुंगीचे श्वास मोजायची. एका मिनिटात किती, कालच्यापेक्षा जास्त की कमी, वहीत लिहून ठेवायची. अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवायची, मग नवऱ्याचं कोपर बुडवायची, कारण तिला तिच्या कोपराचाही भरवसा वाटेना.

ते तीन महिने दादाने स्वतःहून फाइल पाठवली नव्हती, मग रविवारचा नेम पुन्हा सुरू झाला. पहिल्या पाच फाइली तिने कशाबशा उघडल्या. सहावी आली तेव्हा मुंगीला ताप होता. तिने मेल वरवर वाचला आणि एका हाताने लिहिलं, 'तपासलं, बरोबर आहे.' मनात म्हणाली, या वेळेपुरतं. दादा कधी चुकतो का? सातव्या वेळीही 'या वेळेपुरतंच' होतं. नंतर तेवढं मनाला समजावणंही सुटलं. रविवार आला की दादाची फाइल आली हे बघायचं, म्हणजे दादा ठीक आहे, आणि ते तीन शब्द परत पाठवायचे, म्हणजे आपणही ठीक आहोत. फाइल तिने उघडलीच नाही.

अशा न उघडलेल्या एकूण एकतीस फाइली झाल्या. बत्तिसाव्या रविवारी शिंपीणकाकूंचा फोन आला.

दुकानासमोरचा रस्ता ओलांडताना डावीकडून आलेल्या सायकलने दादाला उडवलं होतं. लागलं फारसं नव्हतं. मनगट मुरगळलं, गुडघा सोलला. सायकलवाला बिचारा रडकुंडीला आलेला. घंटी वाजवत होतो, म्हणाला, ते माझ्याकडे न बघता सरळ पुढे आले. मनगट बांधणाऱ्या डॉक्टरने विचारलं, "सायकल दिसली नाही?" दादा म्हणाला, "आली कुठून तेच कळलं नाही. एकदम उगवली." मग त्याने दादाला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं, डाव्या बाजूला दोन बोटं धरली, आणि विचारलं, "किती?"

"कुठे किती?" दादाने विचारलं.

काचबिंदू निघाला. तपासणीला ती सोबत गेली, मुंगीला कडेवर घेऊन. डोळ्यांच्या डॉक्टरबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. हा आजार नजर काठाकडून खात येतो, म्हणाल्या, दुखत नाही, खुपत नाही, मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. डाव्या डोळ्यात आता मधोमध एक झरोका उरलाय. उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली आहे. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घालून उरलेली राखायची.

"पण मी स्क्रू बसवतो हो," दादा म्हणाला. "अगदी बारीक."

"स्क्रू मधोमध असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ती मात्र अडून बसली. "किती आधी कळायला हवं होतं?"

"दीडएक वर्ष तरी चालू असणार. सहा महिन्यांपूर्वी आले असते तरी…" बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं आणि औषधाचा कागद पुढे ओढला. "तुम्ही सख्खी बहीण ना? तुमचेही डोळे तपासून घ्या. हे घराण्यात असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुंगी स्वयंपाकघराच्या फरशीवर झाकणं आपटत असताना, तिने लॅपटॉप उघडला आणि सहाव्या फाइलपासून सुरुवात केली. गटाला घेऊन ती चालू लागली, दादाच्या नकाशावर बोट ठेवून.

सहाव्यात एक दार सुटलं होतं. एकच, डावीकडचं. असं होतं एखाद्या वेळी. आठव्यात दोन. नवव्यात डावीकडची अख्खी खोली नकाशात नव्हती. दादाने तिथे सरळ भिंत ओढली होती, नेहमीसारखी पट्टी लावून, ठाम. दहाव्यात गटातली वैद्यबाई मेली होती, डावीकडून आलेल्या राक्षसाच्या हातून, आणि खाली दादाने लिहिलं होतं, 'हा कुठून आला देव जाणे. एकदम उगवला.' ज्या माणसाच्या नकाशात पंधरा वर्षांत एकच खड्डा चुकला होता, त्याचा कागद डावीकडून उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता. तिने बघितलं असतं तर कुणी शिकवायची गरज नव्हती. आंधळ्यालाही समजलं असतं, असं तिच्या मनात आलं आणि तिने जीभ चावली.

मग अकरावी. त्यात नेहमीपेक्षा जास्त ओळी होत्या.

'इन्स्पेक्टरबाई, या मजल्याची डावी बाजू जरा जातीने चालून बघ. मला भिंत वाटते तिथून गट आरपार जातो. एक तर गेम बिघडलाय, नाहीतर मी. तू बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.'

खाली तिचं उत्तर. वेळ बघितली तर चार मिनिटांनी गेलेलं. 'तपासलं, बरोबर आहे. मुंगीला दात येतायत, रात्रंदिवस किरकिर.'

आणि त्याखाली दादाचा उलट मेल, जो तिने वाचल्याचं तिला आठवतही नव्हतं. 'बरं झालं बघितलंस. मला वाटलं डोळ्यांचंच काहीतरी. डॉक्टरची शुक्रवारची वेळ घेतली होती, ती रद्द करतो. मुंगीच्या हिरड्यांना थंड चमचा लाव.'

तारीख बरोब्बर सहा महिन्यांपूर्वीची.

तिने लॅपटॉप मिटला. मुंगीच्या हातातलं झाकण काढून घेतलं, मग परत दिलं. थंड चमचा तिने तेव्हा लावला होता, एवढंच तिला आठवलं; म्हणजे मेलची शेवटची ओळ तेवढी वाचली होती. गुण आला होता.

त्यानंतर दर रविवारी ती दादाकडे जायला लागली. दीड तासाचा प्रवास, पिशवीत मुंगीचे कपडे, डबा, दोन गोष्टींची पुस्तकं. दर वेळी वाटेत ठरवायची की आज सांगायचं, आणि दर वेळी दादा दार उघडताच काहीतरी गंमत करायचा आणि सांगायचं राहून जायचं. सहा रविवार असे गेले. सहाव्या रविवारपर्यंत मुंगी एक गोष्ट शिकली होती, ती कुणी तिला शिकवली नव्हती. मामाला बिस्किट द्यायचं असलं की ती त्याच्या खुर्चीला वळसा घालून उजवीकडे यायची. डावीकडून दिलेलं बिस्किट मामा घेत नाही, एवढं तिला दोन खेपांत कळलं होतं. तिच्या आईला एकतीस फाइलींत कळलं नव्हतं.

सातव्या रविवारी दादा म्हणाला, "आज तुला कारकून व्हायचंय. टायपिंग कर."

जुन्या गेमांच्या चाहत्यांची एक साइट होती. तिथे दर महिन्याला कुणीतरी नवखा यायचा आणि विचारायचा, हा गेम फार अवघड आहे, सुरुवात कुठून करू? दादाने कधीतरी कबूल केलं होतं की मी लिहून देतो. आता ओळ संपली की त्याला पुढच्या ओळीची सुरुवात सापडायची नाही, डावीकडे जाऊन नजर हरवायची. म्हणून तो सांगणार, ती लिहिणार.

मागची खोली तीच होती. भिंतीला लागून टेबल, वर दुरुस्तीला आलेली गजराची घड्याळं, खिडकीत दुपारचं ऊन. मुंगी खाली बसून रिकाम्या डब्यात पट्टे भरत होती.

"लिही," दादा म्हणाला. "पहिल्या गटाचे लाड करू नका. नावं ठेवण्यात तासभर घालवू नका. ते मरणारच आहेत."

"असं कुणी सुरुवातीलाच सांगतं का? पळून जाईल तो."

"पळाला तर सुटला. लिही. सहाच्या सहा पैलवान घेऊ नका. एक वैद्य हवा, एक कुलपं उघडणारा हवा, आणि एक जादूगार, जो पहिले चार मजले काही कामाचा नसतो. त्याला पोसा."

"घरोघरी असतो एकेक तसला."

"आमच्या घरी होती. तिला कॉलेजात घातलं."

ती हसली. खाली बघून टायपिंग करत राहिली.

"पुढे. पहिला तासभर जिना दिसेल इतक्याच अंतरावर राहा. एक लढाई जिंकली की परत फिरा. नवखे हरून मरत नाहीत, जिंकल्यावर 'आणखी एक दार बघू' म्हणून मरतात. लिहिलंस?"

"लिहिलं."

"फाइलीच्या प्रती ठेवा. एकीवर भरवसा नको. मेणबत्त्या मोजू नका, जास्तच घ्या. आणि खाली उतरताना ज्याला विष चढलंय तो स्वतः बोंब मारत नाही. दर थोड्या वेळाने एकेकाचं पान उघडून तब्येत बघावी लागते."

तिने तेही लिहिलं.

"आता सगळ्यात महत्त्वाचं." दादा खुर्चीत मागे रेलला; त्याच्या आवाजात मास्तरकी आली. "नकाशा दुसऱ्याकडून तपासून घ्या. एकट्याच्या डोळ्यांवर जाऊ नका. माझी बहीण माझे नकाशे तपासायची. तिच्या नजरेतून काडी सुटत नाही. तरीसुद्धा एका मजल्यावर आम्हा दोघांनाही डावीकडची चार दारं दिसली नाहीत, मला ती परवा मान वळवून चाललो तेव्हा सापडली. इतका हा गेम लबाड आहे."

तिची बोटं थांबली.

"झालं?" दादाने विचारलं.

"नाही."

"कुठपर्यंत आलीस?"

"'माझी बहीण'."

"'माझे नकाशे तपासायची.' अगं, मी आपली समजूत घालतो स्वतःची. मला नाही दिसलं ते नाही दिसलं, पण तुलाही दिसलं नाही, म्हणजे दिसण्यासारखं नव्हतंच. तेवढंच बरं वाटतं."

कबुली दिली तर त्याचं तेवढंही जाणार होतं. नाही दिली तर त्याच्या नावाने आणखी एक खोटं वाक्य तिच्याच हाताने लिहिलं जाणार होतं, आणि कोण कुठला नवखा त्यावर विसंबणार होता. मुंगीने एक पट्टा डब्याबाहेर काढून पुन्हा आत टाकला.

"दादा, मी तपासलं नव्हतं."

"काय?"

"तो मजला. मी चाललेच नव्हते."

"अकरावा डाव?"

"सहाव्यापासूनचे सगळे. एकही फाइल उघडली नाही मी. नुसतं लिहून पाठवत होते."

दादा तिच्याकडे बघत होता. आता तो कुणाकडे बघायचा तर मान जरा डावीकडे वळवून, माणूस त्या उरलेल्या झरोक्यात आणून. त्यामुळे त्याच्यापुढे तोंड लपवायला जागा राहायची नाही.

"एकही?" त्याने पुन्हा विचारलं.

"एकही."

"पण मी लिहिलं होतं ना. चैन पडणार नाही म्हणून."

"वाचलं नाही मी. शुक्रवारची वेळ रद्द केल्याचंही नंतर वाचलं. आता. सायकल लागल्यावर." तिला मुंगीच्या तापाबद्दल बोलायचं होतं, वहीतल्या श्वासांबद्दल, महिन्याआधी आलेल्या ओंजळभर पोरीबद्दल. सगळं खरंच होतं. पण ते आता काढलं तर आपलं नाणं खरं आहे हे वाजवून दाखवल्यासारखं झालं असतं.

दादाने टेबलावरचं एक घड्याळ उचललं, किल्ली द्यायला लागला, आणि किल्ली पूर्ण बसली तरी फिरवत राहिला. तिला वाटलं स्प्रिंग तुटणार. त्याने घड्याळ खाली ठेवलं.

"सात महिने," तो म्हणाला, "मी पुढे चालत होतो आणि मला वाटत होतं तू मागून येतेयस."

तिने कीबोर्ड जवळ ओढला.

"ते वाक्य पुसून टाक. खोटं आहे ते."

तिने पुसलं. 'माझी बहीण' इथपर्यंत सगळं गेलं, आणि कर्सर रिकाम्या ओळीत उघडझाप करत राहिला.

थेंबांची वेळ झाली होती. दर रविवारी दुपारचे थेंब तीच घालायची; दादाला ते कधी नीट साधायचं नाही. ती उठली, बाटली घेतली. दादाने हात पुढे केला.

"दे. मी घालतो."

"दादा…"

"दे म्हटलं ना."

तिने बाटली दिली. त्याने मान मागे टाकली, डावा डोळा दोन बोटांनी उघडला, बाटली धरली. मोहरीएवढा स्क्रू बसवणारा हात. थेंब गालावर पडला आणि कानाकडे ओघळला. दुसरा पापणीवर. तिचे हात आपोआप वर आले, तिने ते मागे नेऊन एकमेकांत अडकवले. तिसरा थेंब नाकावर. मुंगीला तो खेळ वाटला. ती टाळ्या वाजवायला लागली.

"हसते गं ही," दादा म्हणाला. आवाज ओला होता. थेंबांनी की कशाने, ते सांगता आलं नसतं. थोडा वेळ तो तसाच, मान वर करून बसून राहिला. मग बाटली तिच्या दिशेने धरली. "घाल."

तिने घातले. आधी डावा, मग उजवा, मध्ये पाच मिनिटं थांबून, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसं. तिने त्याच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं होतं आणि त्याने डोळे मिटले होते. इतक्या जवळून तिने दादाचा चेहरा कित्येक वर्षांत बघितला नव्हता. कपाळावर डाव्या बाजूला दोन जुने ओरखडे होते, दाराच्या चौकटीचे असावेत. कधीचे, तिला माहीत नव्हतं.

"राग गेला नाहीये माझा," दादा डोळे मिटूनच म्हणाला. "जाईल की नाही तेही माहीत नाही. आत्ताच विचारू नकोस."

"नाही विचारत."

"आणि रडू नकोस. मला दिसत नाही, पण नाक ओढल्याचं ऐकू येतं."

"बरं."

"तू डोळे दाखवलेस?"

तिने बाटलीचं झाकण लावायला घेतलं.

"डॉक्टरबाई तुझ्यादेखत म्हणाल्या. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायचं."

"मुंगीला सोडून जायला… कुणी नाही रे. बघते या महिन्यात."

दादाने डोळे उघडले. "इन्स्पेक्टरबाई, दुसऱ्या कुणाला तरी हे ऐकव. फोन काढ. उद्याची वेळ घे. मुंगीला इथे आणून सोड, मी आणि शिंपीणकाकू बघतो. मी बघतो म्हणजे, मी उजवीकडचं बघतो, काकू डावीकडचं बघतील."

तिला हसूही आलं आणि नाकही ओढलं गेलं. त्याच्यासमोरच फोन लावून तिने वेळ घेतली. तिने डॉक्टरांचं नाव, दिवस, तास मोठ्याने म्हणून दाखवले तेव्हा कुठे त्याने मान डोलावली.

ऊन टेबलावरून उतरून फरशीवर आलं. मुंगी पट्ट्यांच्या डब्यावर डोकं टेकून झोपली होती. दादाने खुर्ची सरकवली, उठला, भिंतीला हात लावत दाराकडे गेला.

"मी जरा काकूंकडे जाऊन बसतो. शेवटचं राहिलंय ना, ते तूच लिही. नकाशा तपासण्याबद्दलचं. मला वाचून दाखवू नकोस, सरळ पाठव."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या रिकाम्या ओळीसमोर बसली. बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला, काकूंनी ते वेळेवर बाजूला घेतलं असावं. मग तिने लिहायला घेतलं, आणि या वेळी एका हाताने लिहिलं नाही.

'नवीन खेळणाऱ्यांनो, वरचे सगळे सल्ले माझ्या भावाचे आहेत. तो हा गेम पंधरा वर्षं खेळलाय, त्याचं ऐका. हा शेवटचा माझा. मला गेममधलं फारसं कळत नाही. जे कळत होतं तेही मी वापरलं नाही. माझा भाऊ दर आठवड्याला मला त्याचा नकाशा पाठवायचा आणि मी न बघता "तपासलं, बरोबर आहे" असं लिहायची. त्याच्या नकाशाची डावी बाजू हळूहळू नाहीशी होत होती, कारण त्याच्या डोळ्यांची ती बाजू नाहीशी होत होती. त्याने मला विचारलंही होतं. माझं उत्तर वाचून तो डॉक्टरकडे जायचा थांबला. जी नजर गेली ती आता येत नाही.

गट उद्या बनवा, तळघर कुठे पळून जात नाही. आज तुमच्या एका माणसाकडे जा. जो तुम्हाला काही ना काही पाठवत असतो आणि तुम्ही त्याला न बघता "छान" म्हणून टाकता, तो. "कसा आहेस" विचारू नका, तो "बरा आहे" म्हणेल. त्याच्यासमोर बसा. एक डोळा झाकायला सांगा, तुमच्या नाकाकडे बघायला सांगा, आणि बाजूला, कानाच्या रेषेत, बोटं धरा. मग दुसरा डोळा. किती बोटं ते त्याला सांगू दे. हसेल, हसू दे. सगळी बरोबर सांगितली तरी एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा, कारण मीही बरोबर आहे असंच म्हणत होते. जाऊन या. मग इथे येऊन लिहा की बघितलं. पण खरंच बघितलं असेल तरच लिहा.'